लुक्ला ते गोरक्षेप : टीहाऊसमध्ये पैसे कशाला मोजावेत, कशाला नाही

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर तंबू न्यावा लागत नाही. लुक्ल्यापासून (इथे विमानाने उतरून चालायला लागायचं) गोरक्षेपपर्यंत (बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम) गावागावांत टीहाऊस आहेत. बहुतेक ठिकाणी खाली जेवणाचा हॉल असतो आणि वर किंवा मागे प्लायवूडच्या भिंतींच्या दोन-दोन खाटांच्या खोल्या. खोली साधारण ५०० ते १,००० नेपाळी रुपयांत मिळते, पण रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथेच करायचा या बोलीवर. बाहेर जेवलात तर खोलीचा दर कितीतरी पटीने वाढतो. हा धंदा स्वयंपाकघरावर चालतो, हे ध्यानात ठेवूनच टीहाऊस निवडावं. ज्याच्या खोल्या चकचकीत पण स्वयंपाकघर थंड, ते सोडून पुढे जा.

दुपारी पोचलात की खोली मागण्याआधी हॉलमध्ये शिरा. मधोमध लोखंडी शेगडी असते, तिचं धुराडं छपरातून वर जातं. ती कधी पेटवतात आणि त्यात काय जाळतात, हे विचारा. झाडांच्या पट्ट्याच्या वर बहुतेक ठिकाणी याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. शेगडी चार-पाचच्या सुमाराला पेटते आणि आठ-नऊला विझते. खोल्यांत ऊब अशी नसतेच, त्यामुळे संध्याकाळचे हे तीन-चार तासच हाडं शेकायचे. शेगडीच्या तोंडाशी मात्र बसू नका, गोवरी टाकली की पहिला धूर तिथेच येतो आणि कोरड्या हवेने आधीच खवखवणारा घसा आणखी बिघडतो. खोली दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या उन्हाची मागा. दिवसभर सावलीत राहिलेल्या खोलीत बाटलीतलं पाणी गोठतं. संडासापासून फार लांबची खोलीही नको, त्याचं कारण पुढे आहे.

रजई मिळते, पण ऑक्टोबरच्या गर्दीत दुसरी मागितली तर मिळेलच असं नाही. स्लीपिंग बॅग न्या. काठमांडूत ठमेलमध्ये ती भाड्याने मिळते. घेताना लेबलवरचा ‘कम्फर्ट’ आकडा बघा, ‘एक्स्ट्रीम’ नव्हे. एक्स्ट्रीमचा आकडा जीव कसाबसा तगण्याचा असतो, झोप लागण्याचा नसतो. कम्फर्ट उणे १० च्या आसपास असावा.

जेवणात सगळ्यात वसूल पदार्थ म्हणजे दाल-भात. भात, डाळ आणि तरकारी पुन्हा वाढतात, पापड आणि लोणचं सहसा एकदाच. ‘थप’ म्हटलं की वाढणारी दिदी पातेलं घेऊन येते. किंमत खाली ७००-८०० च्या घरात असते आणि गोरक्षेपला हजाराच्या वर जाते. ती वाढते कारण लुक्ल्याच्या वर मोटारीचा रस्ता नाही. तांदळाचं पोतं आणि गॅसचं सिलिंडर माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवरून वर जातं. त्यातून उंचीमुळे इंधनही जास्त लागतं. गोरक्षेपला पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळतं, तिथे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरच लागतो. म्हणून पोचल्या पोचल्या रात्रीची ऑर्डर वहीत लिहा, वेळ आणि खोली नंबर टाका, आणि सहा जणांच्या गटाने सहा वेगळे पदार्थ मागू नका. पिझ्झा, मोमो, थुक्पा, दाल-भात असं एकत्र मागवलं की शेवटचं ताट दीड तासाने येतं, तेही कोमट. नाश्त्याची ऑर्डर आदल्या रात्रीच द्यायची.

मांस नामचेच्या, म्हणजे वाटेवरच्या मोठ्या बाजारगावाच्या, वर नको. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या शेर्पा मुलखात, जनावर कापत नाहीत. मांस खालून पाठीवरून येतं, ते किती दिवस वाटेत होतं हे कळायला मार्ग नसतो. शाकाहारी माणसाची सोय चांगली होते: रिकी कुर नावाचा बटाट्याचा धिरडं-वजा प्रकार, तिबेटी रोटी, शेर्पा स्ट्यू, अंडं चालत असेल तर ऑम्लेट. जैन जेवण मात्र कठीण. बटाटा आणि लसूण जवळपास सगळ्यात असतं, त्यामुळे आधी सांगून साधा डाळ-भात वेगळा करून घ्यावा लागतो. मेतकूट आणि कोरडी लसणाची चटणी नक्की न्या. उंचीवर भूक मरते आणि नवव्या दिवशी तोच भात घशाखाली उतरवायला चवीची मदत लागते. लुक्ल्याच्या विमानात हातातलं धरून साधारण १५ किलोच सामान चालतं, तेवढ्यात या दोन पुड्या सहज बसतात.

उकळलेलं पाणी लिटरवर विकतात. हा खर्च करण्यासारखा आहे, कारण एका लिटरचे दोन उपयोग होतात. जाड, उकळतं पाणी सोसणारी बाटली रात्री भरून घ्या, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा आणि सकाळी तेच पाणी प्या. विकतच्या पाण्याची पातळ बाटली उकळत्या पाण्याने आकसते. दिवसाच्या वाटेसाठी क्लोरीनच्या गोळ्या पुरेत, फक्त गार पाण्यात त्यांना पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ द्या.

अंघोळीचे पैसे नामचेपर्यंत द्या, वर देऊ नका. वर ओले केस वाळत नाहीत. गॅस गीझर बंद खोपटात असेल तर आत शिरण्याआधी झडप किंवा खिडकी उघडी आहे ना, हे बघा. कार्बन मोनॉक्साइडचा त्रास आणि उंचीची डोकेदुखी सारखीच वाटते, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. चार्जिंगचेही नामचेच्या वर वेगळे पैसे पडतात. नामचेला थामेच्या जलविद्युत केंद्राची वीज येते, लोबुचे-गोरक्षेपला भिस्त मुख्यतः सौर पॅनेलवर. ढगाळ दिवशी पॉवर बँक अर्धीच भरते. २०,००० एमएएचची एक बँक नामचेतून भरून न्या आणि रात्री फोनसकट कुशीत घ्या, थंडीत बॅटरी पडून राहिली की उतरते.

मुक्कामांबद्दल. नामचे (३,४४० मीटर) उत्तम: बेकरी, औषधं, एटीएम, सगळं आहे. पण एटीएमवर विसंबू नका. काठमांडूतूनच नोटा न्या, दिवसाला साधारण चार-साडेचार हजार नेपाळी रुपये धरून. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर ठरलेला आहे. तेंगबोचेला देखावा अप्रतिम, पण वारा फार आणि टीहाऊस थोडी. पंधरा-वीस मिनिटं खाली जंगलात देबोचे आहे, तिथे झोप चांगली लागते. डिंगबोचे (४,४१०) ऐसपैस आणि उन्हाचं. लोबुचे (सुमारे ४,९००) दाटीवाटीचं. गोरक्षेप (सुमारे ५,१५०) या वाटेवरचा सगळ्यात कमी सोयीचा मुक्काम: पाण्याची टंचाई, संडासातलं पिंप गोठलेलं, फरशीवर सांडलेल्या पाण्याचा बर्फ. तिथे रात्री चप्पल घालून जाऊ नका, पाय घसरतो. भर सीझनमध्ये हॉलच्या बाकांवरही माणसं झोपतात. एकच रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी काला पत्थर (एव्हरेस्ट बघायला चढतात ते टेकाड) करून थेट फेरीचेपर्यंत उतरा.

सह्याद्रीत दमदार चालणाऱ्यांचं गणित नेमकं उंचीच्या बाबतीत चुकतं. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, नामचे त्याच्या दुपटीहून वर. पायांना दम असतो म्हणून रजा वाचवायला डिंगबोचेची दुसरी रात्र गाळली जाते आणि लोबुचेला डोकं धरून बसायची वेळ येते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. नामचेला दोन आणि डिंगबोचेला दोन रात्री हव्यातच. डॉक्टरांच्या सल्ल्याने डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घेत असाल (सर्वसाधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा), तर बोटांना मुंग्या येतात आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. संडासाजवळची खोली म्हणायचं कारण हेच. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता उतरायचं. फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं सीझनमध्ये चालणारं उपचारकेंद्र आहे. विम्याच्या कागदात हेलिकॉप्टर आणि ६,००० मीटरपर्यंतची उंची, दोन्ही लिहिलेलं असावं.

परतताना लुक्ल्याच्या टीहाऊसचा खरा उपयोग विमानासाठी होतो. आदल्या दुपारी पोचून तिकीट तिथल्या मालकाकडूनच पक्कं करून घ्या, सकाळी विमानतळावर कधी जायचं हे तोच सांगतो. भर सीझनमध्ये बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून उडतात आणि तिथून काठमांडू मोटारीने चार-पाच तास आहे. ढग आले की उड्डाणं थांबतात, कधी दिवसभर. काठमांडूहून मुंबईचं तिकीट काढताना मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.