दादरची तुळशीची माळ आणि गोमुखी : सहा महिन्यांच्या जपानंतर

मार्गशीर्षात दादर पश्चिमेला, स्टेशनजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानातून तुळशीची १०८ मण्यांची माळ (२२० रुपये) आणि सुती गोमुखी, म्हणजे जप करताना माळ धरलेला हात झाकायची पिशवी (१५० रुपये), घेतली. तेव्हापासून दोन्ही रोज वापरते आहे.

आधीची माळ ऑनलाइन मागवलेली. ओल्या बोटांना पिवळा रंग लागायचा. मणी नुसते दोऱ्यात ओवलेले. अंधेरीच्या गर्दीत दोरा तुटला आणि अर्धी माळ लोकलच्या डब्यात सांडली. फार वाईट वाटलं. म्हणून या वेळी आधीच सांगितलं, गाठीची हवी. काउंटरवरच्या काकांनी पाच-सहा माळा पुढ्यात ठेवल्या. "ताई, ओढून बघा. भोकाशी टवका उडालेला दिसला तर ती घेऊ नका." दोन मण्यांत गाठ असली की प्रत्येक मणी बोटाला सुटा लागतो. जप करणाऱ्याला याची किंमत कळेल.

बोरिवली ते चर्चगेट बसायला मिळालं की पाच माळा जप होतो. श्रीराम जय राम जय जय राम, तेरा अक्षरं.

या माळेचा मेरुमणी, म्हणजे जिथे माळ सुरू होते आणि संपते तो मणी, ठळक आहे, हे मला सगळ्यात आवडलं. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, हे आजीने शिकवलं तेव्हा नुसतं सोवळं-ओवळं वाटायचं. आता वाटतं, खरी साधना तिथेच आहे. बोटाला मेरू लागला की थांबावंच लागतं, आणि तेव्हाच कळतं की ओठांवर राम आहे पण मन ऑफिसातल्या फायलींत. माळ वळवताना मनालाही वळवून आणायचं. अभ्यास दृढ व्हायला तो दीर्घकाळ, अखंड आणि आदराने करावा, असं पतंजली योगसूत्रात म्हणतात. वेळ पाळणं लोकलमुळे जमतं. आदर मात्र माझ्यात या बारीक नियमांनीच आला.

गोमुखीबद्दल तक्रार आहे. जपात तर्जनी माळेला लावायची नाही, ती बाहेर ठेवायचं भोक फारच लहान आहे. आतली शिवणही कच्ची. धागे मण्यांत अडकायचे. शेवटी उसवून आतून पट्टी लावून घेतली. कापड मात्र दणकट, धुऊनही विटलं नाही.

सणावाराच्या आदल्या दिवशी जाऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी काका निवांत दाखवतात. धाकट्या भावाला मुंजीनंतर सुटलेली संध्या पुन्हा सुरू करायची आहे. त्याच्यासाठी पळी-पंचपात्र आणि ताम्हण तिथूनच घेणार आहे.