एचएसटी जपायची: उभी की धावती?
ब्रिटनची १९७६ पासून धावलेली डिझेल एचएसटी (हाय स्पीड ट्रेन) जपायला देणगी द्यायचीय, पण उभ्या गाडीला की धावत्या, असं एका मित्राने विचारलं.

खर्चात उभी स्वस्त. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातलं ४३००२ क्रमांकाचं एचएसटी इंजिन बघा: गंज आणि रंग सांभाळला की बरंचसं भागतं. धावतीला डिझेल, सुटे भाग, तपासण्या, सगळंच आलं. टिकण्यातही उभीच सरस.

पण २,२५० अश्वशक्तीच्या पॅक्समन व्हॅलेंटा या तिच्या डिझेल इंजिनाच्या टर्बोची ती कर्कश शीळ? ती उभ्या गाडीकडे बघून कशी कळणार! शिवाय इंजिन खोलणारे हात चालत्या गाडीवरच तयार होतात. वेग मात्र हेरिटेज मार्गांवर, म्हणजे जपलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर, साधारण ताशी ४० किमी, तिचा मूळचा २०० विसरा.

डिझायनर केनेथ ग्रेंजने घडवलेलं गाडीचं नाक जसंच्या तसं राहावं, एवढंच हवं असेल तर संग्रहालय. आवाज आणि कसब पुढे न्यायचं असेल तर धावती, आणि देणगी दरवर्षी.