हिचवरची घरगुती क्रेन: एक अख्खा सीझन वापरल्यावर

मारलेलं हरीण उचलून गाडीत घालायला मी घरीच एक छोटी क्रेन बनवली. ती गाडीच्या मागच्या हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर जोडायच्या चौकोनी खाचेत, बसते. डाव्या मनगटाची सूज आता उतरली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. नोव्हेंबरात, गन सीझनच्या (बंदुकीने शिकारीच्या हंगामाच्या) दुसऱ्याच संध्याकाळी, हरीण खाली घेताना विंचचं, म्हणजे दोर गुंडाळून वजन ओढणाऱ्या हातयंत्राचं, हँडल हातातून निसटलं, गरकन फिरलं आणि मनगटावर बसलं. हाड वाचलं. हरीण मात्र धाडकन गाडीच्या फाळक्यावर आदळलं आणि फाळक्याला चांगला पोचा आला. सप्टेंबरात ज्यांना ज्यांना फोटो पाठवले होते, त्यांच्यापाशी मी याच क्रेनचं तोंडभरून कौतुक केलं होतं. त्यातलं निम्मं आज मागे घेतो.

इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनात राहून शिकार करणारे मराठी लोक थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यातल्या दोघांनी क्रेनचं ड्रॉइंग मागितलं आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे नुसतं वाचावं. इथे लायसन्स आणि टॅग (एक हरीण मारायची परवानगी) घेऊन उतरायचं, आणि मग खरा प्रश्न सुरू होतो तो मेलेलं हरीण गाडीत घालायचा. मोठा नर आतडी काढल्यावरही दीडशे पाउंड भरतो. दोन वर्षांपूर्वी एकट्याने असा नर पिकअपमध्ये ढकलला आणि त्यानंतर तीन आठवडे मला मोजे घालायला खाली वाकता येत नव्हतं. तयार क्रेन बाजारात मिळतात, पण माझ्याकडे वेल्डिंग मशीन आणि जुने पाइप पडलेले असताना तेवढे पैसे घालवायला मन धजेना.

रचना अशी. दोन इंची चौकोनी नळी हिचमध्ये, तिच्यावर उभा खांब, खांबावर फिरणारा आडवा दांडा, टोकाला कप्पी, कमरेच्या उंचीवर विंच. खांब एका बाजूला सरकवून लावा, नाहीतर फाळका उघडल्यावर खांबावरच येऊन आपटतो. माझा पहिला खांब मधोमध होता, तो कापून पुन्हा जोडावा लागला. खांबाखाली जमिनीला टेकणारा पाय हवाच. हिचच्या नळीत थोडा झोल असतो. खांब एका अंशाने कलला तरी सात फुटांवरचं टोक दीड इंच सरकतं, आणि त्या टोकाला वजन लटकत असतं. वरची कप्पीही दणकट घ्या. दोर तिच्यावरून वळून खाली येतो, त्यामुळे तिच्यावर हरणाच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार पडतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात, बो सीझनमध्ये (धनुष्यबाणाच्या हंगामात), क्रेनने मन जिंकलं. तेव्हा दुपारी उकाडा असतो आणि मांस लवकर थंड करावं लागतं. हरीण जमिनीपासून वर टांगलं की आतून वारा लागतो, माती आणि पाचोळा चिकटत नाही, कातडं सोलताना कंबर वाकवावी लागत नाही. इथे हरणांमध्ये २००२ पासून सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा हरणाला खंगवून मारणारा रोग सापडतो आहे. तपासणीला डोकं मानेच्या थोड्या भागासकट द्यावं लागतं, कारण तिथल्या लसीका ग्रंथी बघतात. छातीच्या उंचीवर लटकलेल्या हरणाची मान हवी तिथे, स्वच्छ कापता येते. एवढ्या एका कामासाठीसुद्धा मी ही क्रेन पुन्हा बनवेन.

एक दोष ऑक्टोबरात कळला. गाडी उतारावर उभी असेल तर भार असलेला दांडा आपोआप उताराच्या बाजूला फिरतो, आणि त्याला हाताने थोपवणं जड जातं. फिरणाऱ्या जोडाला तीन भोकं पाडून खीळ घातली, काम झालं.

आता विंच. मी घेतली ती बोटीच्या ट्रेलरवर असते तसली साधी रॅचेटची, म्हणजे दातेरी चाक आणि त्याला अडवणारा खटका असलेली. ब्रेकवाली तिप्पट महाग होती, म्हणून सोडली. माझी चूक ती हीच. रॅचेटचा खटका चढवताना प्रत्येक दात्यात बसतो आणि वजन धरून ठेवतो, त्यामुळे चढवताना सगळं छान वाटतं. उतरवायचं असेल तर हँडल किंचित पुढे फिरवून खटका मोकळा करावा लागतो, आणि त्या क्षणापासून हरीण फक्त तुमच्या हातावर असतं. गिअरमुळे हाताला ते फार जड लागत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. माझे हातमोजे रक्ताने आणि बर्फाने ओले होते. हँडल एकदा सुटलं की ते पकडायला हात पुढे करू नका. मी केला.

विकणाऱ्याशी आठवडाभर भांडलो. त्याचं एकच उत्तर होतं: उचलायला वापरू नका असं लिहिलंय. घरी येऊन पाहिलं, खरंच लिहिलंय, पण ड्रमच्या मागे, दोर गुंडाळल्यावर दिसणार नाही अशा जागी. त्याचं म्हणणं मला मान्य आहे. तरीही माणसाचा हात मोडू शकेल अशी सूचना हँडलच्या बाजूला छापायला हवी, हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं. पैसे मिळाले नाहीत.

डिसेंबरात, वजन उचलण्यासाठी म्हणूनच विकली जाणारी ब्रेकची विंच लावली. चढवताना टकटक करते, उतरवताना हँडल उलटं फिरवायचं, आणि मध्येच हात सोडला तर हरीण जागच्या जागी थांबतं. पहिल्यांदा मुद्दाम हात सोडून बघितला. दोर हलकासा ताणला गेला, हरीण अधांतरी स्थिर राहिलं, आणि मी बर्फात पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो. एक त्रास आहे: हूक रिकामा असला की विंच दोर सोडत नाही, हूक हाताने खाली ओढून धरावा लागतो. सुरुवातीला याचीही चिडचिड झाली. आता दोराच्या टोकाला एक जड साखळी कायम अडकवून ठेवली आहे.

पाच महिन्यांत दोन नर आणि तीन माद्या उचलल्या. जोड कुठे तडकला नाही. वेल्डिंगवर गंज दिसतोय, वसंतात घासून रंग देईन. गाडी रस्त्यावर काढण्याआधी दर वेळी क्रेन काढून आत ठेवतो, दहा मिनिटं जातात आणि थंडीत ती नकोशी वाटतात.

ज्या दोघांनी ड्रॉइंग मागितलं त्यांना उद्या पाठवतो. पाइप तुमच्याकडे पडलेले असतील ते वापरा, वेल्डिंग ओळखीच्याकडून करून घ्या, जिथे वाचवता येईल तिथे वाचवा. ड्रॉइंगमधल्या विंचच्या चौकोनात मात्र मी लाल पेनाने लिहिलं आहे: ब्रेकवाली, आणि उचलण्यासाठीचीच.