पोरीला घेऊन बेळगावहून कोल्हापूरला जायचं होतं, तेव्हा भेटलेल्या वकील मॅडम

नाव टाकत नाही, वकिलांना जाहिरात चालत नाही म्हणून मॅडमनीच नको म्हटलंय. ऑफिस खडेबाजारकडं आहे, कोर्टातनं चालत जाता येतंय.

माझा घटस्फोट संमतीनं झालेला, पोरगी माझ्याकडं आणि दर रविवारी तिच्या बाबांकडं असं ठरलेलं. नंतर मला कोल्हापुरात नोकरी लागली, माझे आईबाबापण तिकडंच. आधी एका वकिलाकडं गेलते तर त्यांनी सरळ सांगितलं, ताबा तुमच्याकडं आहे ना मग जावा की, कोण विचारतंय. मी सामान बांधायलापण लागलेली. मैत्रिणीनं अडवलं आणि ह्या मॅडमकडं पाठवलं, तिचे उपकार मी विसरणार नाही.

मॅडमनी पहिल्यांदा निकालाची कॉपी मागितली आणि ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवली. दीड वर्ष तो इंग्रजी कागद माझ्या कपाटात होता, सही माझी होती, पण आत नक्की काय लिहिलंय ते त्या दिवशी कळलं. मग म्हणाल्या, ताबा तुमचा पण रविवार त्यांचा, तुम्ही गेला की तो रविवार मोडतोय म्हणजे कोर्टाचा आदेश मोडतोय. कोल्हापुरात केस घालू काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात मूल नेहमी जिथं राहतंय तिथलं कोर्ट धरतात, आधी कुठलं कोर्ट ह्यावरच भांडण होणार. त्यापेक्षा आदेशच बदलून घेऊया, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये मुलांबाबतचा आदेश नंतर बदलता येतोय. आणि हे सांगताना हेपण सांगितलं की बाईला सरकारकडनं वकील फुकट मिळतोय, उत्पन्न कितीबी असू दे, १५१०० ला फोन करा. स्वतःची फी जाणार हे माहीत असून सांगितलं, तिथंच माझा विश्वास बसला. मी त्यांच्याकडंच राहिले, पैसे चार हप्त्यांत दिले.

भांडण न वाढवता मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोड करायला नेलं आणि खरं काम तिथं झालं. महिन्यातनं दोन शनिवार-रविवार बाबांकडं, गणपतीत पाच दिवस त्यांच्याकडं, दिवाळी अर्धी अर्धी, मे महिन्याची सुट्टी तीन आठवडे. पोरीला द्यायचं-घ्यायचं संकेश्वर स्टँडवर, दोघांनाबी साधारण अर्धी वाट. सीमेवरनं काही झालं की एसट्या बंद पडतात, २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपण सगळ्यांनी बघितलंय, तर मॅडमनी तेपण लिहून घेतलं की बस बंद असली तर त्या दिवशी व्हिडिओ कॉल आणि चुकलेली भेट पुढच्या महिन्यात जास्तीची. बाहेरच्या वकिलाला हे सुचलंच नसतं. पोरीच्या बाबांचा राग बराचसा तिथंच उतरला, कारण त्यांना वाटत होतं मी पोरगी तोडायला लागलेय.

शाळेचापण विचार त्यांनीच केला. इथं कन्नड सक्तीचं, तिकडं मराठी, आणि इथली शाळा लवकर सुरू होतीय, म्हणून मेमध्येच टीसी काढून ठेवा म्हणाल्या, तसं झालं म्हणून वर्ष मोडलं नाही. जज साहेबांनी पोरीला आत बोलवून एकटीशी बोलले, त्याच्या आधी मॅडमनी मला बजावलेलं, तिला काही पढवू नका, जे वाटतंय ते बोलू दे.

तक्रार म्हणाल तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वयस्कर लोकांचे हाल होतात. संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाहीत, मला त्या महिन्यात रात्रीच जास्त भीती वाटायची तेव्हा फार त्रास झाला. एक तारीख आम्हाला न कळवता पुढं गेली, सकाळचं काम बुडवून मी कोर्टात दोन तास बसून होते.

मॅडमकडं जाताना निकालाची सर्टिफाइड कॉपी, पोराचं आधार आणि शाळेचा दाखला घेऊन जावा, आणि गावातनं हलायच्या आधी जावा.