काठियावाडी घोडीसाठी आकार दिलेला चामडी तंग : हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

खोगीर घेताना बैठकीचा, रिकिबींचा आणि चामड्याच्या रंगाचाही विचार होतो, पण तंग मात्र बहुतेक वेळा दुकानदार जो सोबत देईल तोच घरी येतो. खोगीर आणि स्वार या दोघांनाही जागेवर धरून ठेवणारा हा पट्टा छातीच्या हाडाखालून आणि कोपरामागच्या पातळ, सुरकुत्या पडणाऱ्या कातडीवरून जातो, आणि घोडे पाऊल टाकते तेव्हा दर वेळी तेथील स्नायू व कातडी त्याच्याखाली सरकत असतात. तो चुकीचा असेल तर उत्तम खोगीरही घोड्याला नकोसे होते. म्हणून दिवाळीनंतर घेतलेल्या, कानपुरात बनलेल्या चामडी तंगाचा अनुभव येथे सविस्तर नोंदवत आहे. मावळातला पावसाळाही त्याने काढला असल्यामुळे आता त्याच्याविषयी खात्रीने काही सांगता येते.

माझी घोडी काठियावाडी आहे. अरुंद छाती, उंच खांदा आणि पुढून मागे झपाट्याने रुंदावत जाणारा फासळ्यांचा पिंजरा अशी तिची घडण आहे. तंग आपण कोठेही बांधला तरी चालता चालता तो बरगड्यांच्या सर्वांत अरुंद भागाकडे सरकतो. तिच्या बाबतीत हा भाग कोपराच्या अगदी मागे येतो, तर खोगिराच्या वाद्या, म्हणजे तंगाची बकले ज्यांना लावतात ते पट्टे, त्याच्या बऱ्याच मागे लोंबतात. परिणामी सरळ तंग पुढे सरकत राहतो, खोगिराला खांद्यावर ओढतो आणि त्याची पुढची कड कोपरामागे काचते. आधीचा नायलॉन पट्टीचा, फोमचे अस्तर असलेला सरळ तंग नेमके हेच करीत होता. तेथले केस विरळ झाले होते, कातडी जाड होऊ लागली होती आणि खोगीर आणलेले दिसताच घोडी कान मागे पाडू लागली होती. अशी लक्षणे दिसली की जखम होण्याची वाट न पाहता तंग बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या तंगाचा आकार या अडचणीवर थेट उपाय करतो. त्याचा मधला भाग रुंद असून पुढे आलेला आहे, कोपरामागे दोन्ही बाजूंना खोलगट कापणी आहे आणि बकले मागच्या रेषेत आहेत. म्हणजे मधला भाग अरुंद जागेत स्थिर बसतो आणि वाद्या मात्र सरळ खाली उतरतात. सर्वाधिक दाब छातीच्या हाडावर येत असावा, असे आपल्याला साहजिकच वाटते. मात्र 2013 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाब मोजणाऱ्या चटईच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात तो कोपरामागे आढळला, आणि तेथील दाब टाळणारी रचना वापरल्यावर घोड्यांचे पाय अधिक पुढे पडू लागले. माझ्याकडे मोजमापाचे साधन नाही, पण दुडकी चालीत घोडीचे पाऊल मोकळे झाले आहे, हे तिला रोज पाहणाऱ्या मोतद्दाराने माझ्याआधी ओळखले. विरळ झालेले केस उन्हाळ्यापर्यंत पूर्ववत आले.

माप घेताना खोगीर पाठीवर ठेवून एका बाजूच्या वादीच्या मधल्या भोकापासून, पोटाखालून, दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत फीत धरावी. माझ्या घोडीला 48 इंची तंग बसला. दोन्ही बाजूंना वर आणि खाली काही भोके शिल्लक राहतील असे पाहावे, कारण पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यावर घेर वाढतो आणि उन्हाळ्यात तो उतरतो. लांब वाद्यांच्या खोगिराला आखूड तंग लागतो, आणि तेथे बकल कोपराच्या उंचीवर येणार नाही ना, हे आधी तपासणे अत्यंत आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट अनुभवी स्वारही कधी कधी विसरतात. तीन वाद्यांच्या खोगिरात पहिली वादी सहसा स्वतंत्र पट्ट्याला शिवलेली असते, तर दुसरी आणि तिसरी मिळून दुसऱ्या पट्ट्याला जोडलेल्या असतात. म्हणून बकले नेहमी पहिलीला आणि उरलेल्या दोघींपैकी एकीला लावावीत. दुसरी व तिसरी अशी जोडी वापरली तर एक पट्टा तुटताच खोगीर सुटेल.

या तंगाच्या दोन्ही टोकांना इलॅस्टिक आहे आणि ते मला पसंत आहे. एकाच टोकाला इलॅस्टिक असल्यास ती बाजू जास्त ताणली जाते आणि खोगीर दुसरीकडे ओढले जाण्याचा धोका असतो. मात्र इलॅस्टिक ओढायला सोपे असल्यामुळे तंग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि हाताला ते कळत नाही. शर्यतीच्या घोड्यांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत तंगाचा ताण वाढवल्यावर घोडे लवकर थकतात असे दिसले होते, त्यामुळे हा मुद्दा केवळ लाडाचा नाही. तंग किती घट्ट आहे हे बाजूला बोटे घालून न तपासता, दोन पायांच्या मधे, छातीच्या हाडापाशी तंगाखाली बोटे सपाट घालून तपासावे. बाजूला तंग सैल वाटला तरी खाली तो घट्ट असू शकतो. बांधताना एकेक भोक चढवावे, थोडे चालवून आणून मग पुन्हा पाहावे, आणि बसण्यापूर्वी पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने पुढे ओढून घ्यावेत, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडीची घडी मोकळी होते. घोडी तंग आवळताना पोट फुगवते अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण हळूहळू आवळण्याची सवय लागल्यापासून माझ्या घोडीने ते जवळजवळ सोडले आहे.

आता पावसाळ्याविषयी, कारण चामडी तंग घ्यावा की नाही हा निर्णय आपल्याकडे याच ऋतूवर अवलंबून असतो. घोड्याच्या घामात मीठ भरपूर असते. तो चामड्यावर वाळला की चामडे कडक होते, शिवणीचा दोरा कुजू लागतो, आणि त्या मिठात लाल मातीची धूळ मिसळली की अस्तर कातडीला खरवडू लागते. त्यामुळे खोगीर उतरल्याबरोबर ओल्या फडक्याने आतली बाजू पुसणे हे एकच काम मी कधीही टाळू देत नाही. आठवड्यातून एकदा ग्लिसरीनचा खोगिराचा साबण अगदी कमी पाण्यात लावून मळ काढतो. तेल मात्र क्वचितच, आणि तेही पातळ थरात, कारण जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होऊन ताणले जाते. भिजलेला तंग चुलीजवळ किंवा उन्हात वाळवला तर त्याला तडे पडतात. तो सावलीत, वाऱ्यावर आणि सपाट ठेवूनच वाळवावा. आषाढात चार दिवस पागेत टांगून ठेवला तेव्हा त्यावर पांढरी बुरशी आली. ती पाणी मिसळलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसून, पूर्ण सुकवून मगच साबण लावला, आणि डाग राहिला नाही. तेव्हापासून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता घरातल्या कोरड्या खोलीत ठेवला जातो.

तंगाइतकीच त्याच्याखालची कातडीही स्वच्छ हवी. खरारा करताना पाठ चमकवली जाते आणि छातीखालचा चिखल तसाच राहतो, हे चित्र मी अनेक पागांत पाहिले आहे. बसण्याआधी त्या जागेवरून उघडा तळहात फिरवावा. वाळलेला घाम, काटा, सुजलेली गाठ, जे काही असेल ते हाताला कळते. कातडी सोलवटलेली आढळली तर ती पूर्ण बरी होईपर्यंत खोगीर चढवू नये. मऊ लोकरीचे आवरण घालून काम चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो मला मान्य नाही.

या तंगात दोष नाहीत असे नाही. बकलाची चौकट स्टेनलेस स्टीलची असली तरी काटा साध्या लोखंडाचा आणि वरून मुलामा दिलेला निघाला. पहिल्या पावसातच त्यावर गंज धरला आणि त्या गंजाने वादीच्या भोकांना काळे केले. घेताना चौकट आणि काटा दोन्ही एकाच धातूचे आहेत ना, हे विचारून घ्यावे. दुसरी उणीव आकारातूनच येते. सरळ तंग टोकांची अदलाबदल करून वापरता येतो, पण हा फिरवला तर पुढची कड मागे जाते. तंग बहुधा डावीकडून आवळला जातो, म्हणून डाव्या इलॅस्टिकचे धागे लवकर विरले आहेत. आता आम्ही दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळतो.

माथेरान किंवा पाचगणीसारख्या ठिकाणी दिवसभर वेगवेगळ्या स्वारांना फिरवणाऱ्या घोड्यांसाठी मी हा तंग सुचवणार नाही. तेथे पुसण्याला सवड नसते, आणि सुती दोऱ्यांचा तंग अधिक सोयीचा ठरेल. तो घाम शोषतो आणि सौम्य साबणाने धुता येतो. असे दोन तंग ठेवून एक वाळेपर्यंत दुसरा वापरावा. धुताना साबणाचा अंश राहू देऊ नये, त्यानेही कातडी खाजते. निओप्रीन या कृत्रिम रबराचा तंग पाण्याखाली धरला की स्वच्छ होतो, पण तो घाम शोषत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात त्याखालची कातडी उकडते. काही घोड्यांना त्याची ॲलर्जीही होते. रुंद छातीच्या, गोल बांध्याच्या घोड्यालाही या विशिष्ट आकाराचा लाभ होईलच असे नाही.

ज्यांची घोडी माझ्या घोडीसारख्या बांध्याची आहे आणि ज्यांच्या पागेत रोज पुसणारा हात आहे, त्यांनी किमतीचा विचार बाजूला ठेवून तो जरूर घ्यावा. कृत्रिम तंगापेक्षा तो चांगलाच महाग आहे, पण चामडे आणि शिवण आजही घट्ट आहेत. फक्त इलॅस्टिक बदलण्याची वेळ जवळ येत आहे, आणि ते काम मोच्याकडे देताना डावे झिजले म्हणून एकटे डावेच बदलू नये. नवे आणि जुने इलॅस्टिक सारखे ताणले जात नाही, म्हणून दोन्ही टोकांचे एकाच थानातून कापून एकदम बसवून घ्यावे.