ग्वाल्हेरच्या घरासाठी जमिनीचा हीट पंप की हॉट अँड कोल्ड एसी?

ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे 5 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. त्यामुळे गारवा आणि ऊब एकाच यंत्रातून मिळावी असे इथल्या घरमालकाला वाटणे साहजिक आहे. हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी उष्णतेची देवाणघेवाण बाहेरच्या हवेशी करतो, तर जमिनीचा हीट पंप तीच देवाणघेवाण बोअरमध्ये सोडलेल्या बंद नळीतल्या पाण्यामार्फत खडकाशी करतो. या पद्धतीत जमिनीतले पाणी उपसले जात नाही.

उन्हाळ्यात जमिनीची बाजू निश्चितच वरचढ ठरते. आपल्याकडे दहा-पंधरा मीटर खाली तापमान बाराही महिने साधारण 25 ते 28 अंशांच्या आसपास राहते. शहराच्या लष्कर या भागातल्या एखाद्या घराच्या गच्चीवर जूनच्या दुपारी उभे राहून पाहावे: फरशी तापलेली, कठड्याला लागून शेजाऱ्यांचीही दोन-तीन आउटडोअर युनिटे, आणि एकाने बाहेर फेकलेली गरम हवा दुसरे आत ओढते आहे. अशा वेळी एसीची क्षमता घटते आणि विजेचा खप वाढतो. शिवाय जमिनीच्या पंपाला जोडणी करून घेतली, तर खोल्यांतून काढलेल्या उष्णतेचा काही भाग अंघोळीच्या पाण्यालाही देता येतो.

थंडीत मात्र हा फरक बराच कमी होतो, आणि निर्णय करताना नेमके हेच विसरले जाते. स्वीडनमध्ये लाखो घरे जमिनीच्या पंपावर ऊब मिळवतात, कारण तिथे हवा गोठणबिंदूच्या खूप खाली जाते. 5 अंशांच्या हवेतून उष्णता घेणे चांगल्या एसीला अवघड नसते.

खरा प्रश्न बोअरचा आहे. 3 टनांचा, म्हणजे सुमारे 10.5 किलोवॉटचा गारवा हवा असेल, तर कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता धरून जवळजवळ 13 किलोवॉट जमिनीत सोडावे लागतात. खडकात मीटरमागे ढोबळ 45 वॉट धरले, तर सुमारे 290 मीटर, म्हणजे सव्वातीनशे फुटांचे तीन बोअर लागतात, आणि तेही एकमेकांपासून पाच-सहा मीटर अंतरावर. वालुकाश्म ही उष्णता कोरड्या मातीपेक्षा चांगली वाहून नेतो, ही इथली जमेची बाजू. पण आपल्याकडे थंडी थोडे दिवस आणि उन्हाळा लांब, म्हणून जमिनीत जेवढी उष्णता जाते तेवढी परत काढली जात नाही. बोअर आखूड किंवा फार जवळ असतील, तर भोवतीचा खडक वर्षागणिक तापत जातो. दीड-दोन मीटर खोल चर खणून नळी पसरण्याचा स्वस्त पर्याय इथे मी सुचवणार नाही, कारण तेवढ्या खोलीवर उन्हाळ्याची झळ पोहोचते. घरामागची आटलेली बोअरवेलही तशीच वापरता येत नाही. नळीभोवतीची पोकळी बेंटोनाइटसारख्या (पाण्याने फुगणारी चिकणमाती) भरावाने भरली नाही, तर खडकाशी संपर्कच होत नाही.

कूलरचेही सांगायला हवे. मेच्या कोरड्या हवेत तो अगदी थोड्या विजेवर उत्तम चालतो, पण पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.

माझे मत असे, की लष्करच्या अरुंद गल्लीतल्या, जिथे बोअरची गाडीच शिरणार नाही अशा घराने जमिनीच्या पंपाचा विचार सोडून द्यावा, आधी गच्चीचे उष्णतारोधन करावे आणि मग एक-दोन खोल्यांपुरता हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा. भाड्याच्या घरालाही हेच लागू आहे. याउलट मोकळ्या प्लॉटवर नवे घर बांधणाऱ्या, चार-पाच खोल्या दिवसभर वापरणाऱ्या एकत्र कुटुंबाने जमिनीच्या पंपाचा हिशेब जरूर मांडावा. सुरुवातीचा खर्च एसीच्या कितीतरी पट असतो हे खरे, पण आतले यंत्र वीसेक वर्षे आणि जमिनीतली नळी पन्नास वर्षे टिकू शकते. बोअर पाया भरण्यापूर्वीच घ्यावेत, आणि नळीची दाबचाचणी भराव घालण्याआधी व नंतर अशी दोन्ही वेळा समोर उभे राहून करून घ्यावी, कारण एकदा बुजवलेली नळी पुन्हा वर काढता येत नाही.