फोइबल : जगातील भाषांच्या स्वनिमांचा संग्रह आणि त्यातील आकड्यांचे वाचन

जगातील भाषांच्या स्वनिमांच्या, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणाऱ्या ध्वनिघटकांच्या, याद्या एकत्र मांडणारा ‘फोइबल’ हा संग्रह महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांपासून संगणकाला बोलणे ओळखायला शिकवणाऱ्या अभियंत्यांपर्यंत अनेकांना त्याचा उपयोग होतो. स्टीव्हन मोरन यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील २०१२ च्या प्रबंधातून तो आकाराला आला. २०१४ च्या आवृत्तीत १,६७२ भाषांच्या २,१५५ याद्या होत्या. मोरन आणि डॅनियल मॅक्लॉय यांनी संपादित केलेल्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत २,१८६ भाषांच्या ३,०२० याद्या आहेत आणि त्यांत मिळून ३,१८३ निरनिराळे ध्वनिघटक नोंदलेले आहेत. माझे मत आरंभीच नोंदवतो. संग्रह अतिशय उपयुक्त आहे आणि त्याची रचना प्रामाणिक आहे. मात्र जो वाचक याद्या बाजूला ठेवून थेट टक्केवारीच्या तक्त्याकडे वळतो, त्याची तेथे फसगत होण्याची शक्यता मोठी आहे.

याचे कारण स्वनिम या संकल्पनेतच आहे. कोणताही ध्वनी दोन वेळा तंतोतंत सारखा उच्चारला जात नाही. या अखंड वैविध्यातले काही फरक भाषा अर्थभेदासाठी वापरते आणि उरलेल्या फरकांकडे तिचे भाषक लक्षही देत नाहीत. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ यांचा अर्थ केवळ महाप्राणत्वामुळे बदलतो, म्हणून प आणि फ हे आपल्यासाठी दोन स्वनिम आहेत. इंग्रजीतील ‘पिन’ या शब्दाचा पहिला ध्वनी चांगलाच महाप्राणयुक्त असतो आणि ‘स्पिन’मधला तसा नसतो, परंतु हे दोन उच्चार त्या भाषेत एकाच जागी एकमेकांसमोर कधी उभे राहत नाहीत, त्यांच्या जागा वाटलेल्या असतात, आणि म्हणून तेथे ती एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरे ठरतात. रशियातील कझानमध्ये बोदुएँ द कूर्तने या भाषावैज्ञानिकांनी मांडलेल्या आणि पुढे त्रुबेत्स्कॉय व याकोबसन यांनी प्राग वर्तुळ या भाषावैज्ञानिकांच्या गटात सुसूत्र केलेल्या या विचाराचा गाभा असा, की स्वनिमाची ओळख त्याच्या ध्वनिगुणांइतकीच त्याच्या विरोधांवर अवलंबून असते. स्वनिमांची यादी ही त्यामुळे ध्वनिमुद्रणातून मोजून काढलेली संख्या नसते, तर कोणीतरी विचारपूर्वक केलेले विश्लेषण असते.

फोइबलच्या कर्त्यांना याची पूर्ण जाणीव आहे, आणि मला या संग्रहाची सर्वांत मोलाची बाजू तीच वाटते. ‘या भाषेचे स्वनिम हे’ असे सांगण्याऐवजी ‘या भाषेचे या अभ्यासकाने केलेले वर्णन हे’ असे तो सांगतो. एकाच भाषेच्या अनेक याद्या शेजारी शेजारी राहू शकतात आणि प्रत्येक यादीला तिचा मूळ स्रोत जोडलेला असतो. जुने स्टॅनफर्ड ध्वनिसंग्रहालय, इयन मॅडिसन यांचा ‘उप्सिड’ हा संग्रह, आफ्रिकेतील वर्णमालांची संकलने, दक्षिण अमेरिका, युरेशिया, भारतीय उपखंड आणि ऑस्ट्रेलिया येथील भाषांची स्वतंत्र संकलने असे अनेक प्रवाह त्यात येऊन मिळालेले आहेत. इंग्रजीसारख्या भाषेच्या याद्या उघडून पाहिल्या, तर त्यांच्यातील तफावत लगेच दिसते. सोयीसाठी त्यांतली एकच यादी ‘अधिकृत’ ठरवण्याचा मोह संपादकांनी टाळला, हे चांगलेच झाले.

तफावत किती सहज निर्माण होते, हे मराठीवरून समजून घेता येईल. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च लिपीत एकच असला तरी उच्चारात दोन आहेत, आणि जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी ‘जग’ व विश्व या अर्थाचा ‘जग’ हा शब्द यांच्यात केवळ ज च्या उच्चाराचा विरोध आहे. तेव्हा लिपीवर विसंबून केलेली यादी येथे दोन स्वनिमांचा एक करून टाकील. उलट श आणि ष, किंवा ऱ्हस्व आणि दीर्घ इ, लिपीत वेगळे असले तरी बहुसंख्य भाषकांच्या बोलण्यात त्यांचा विरोध उरलेला नाही. लिपीनिष्ठ यादी ते वेगळे मोजील. याहून अवघड प्रश्न म्ह, न्ह, ल्ह, व्ह यांचा आहे. त्यांना ख आणि घ यांच्यासारखे अखंड महाप्राण स्वनिम मानायचे, की दोन व्यंजनांची जोडाक्षरे? दोन्ही बाजूंनी सयुक्तिक मांडणी करता येते आणि निर्णयानुसार व्यंजनांची संख्या चार-पाचने बदलते. ‘मन’ आणि ‘मण’ यांतला भेद प्रमाण भाषेत निःसंशय आहे, पण ज्या बोलींत न आणि ण एक झाले आहेत त्यांच्या यादीत तो येणार नाही. मराठीची कोणतीही यादी समोर आली, की एकूण संख्या वाचण्यापूर्वी या चार ठिकाणी काय केले आहे ते पाहावे, असे मी सुचवीन.

एकाच सामग्रीची एकापेक्षा अधिक समर्थनीय स्वनिम-विश्लेषणे असू शकतात, हे युएन रेन चाओ या भाषावैज्ञानिकांनी १९३४ मध्येच दाखवून दिले होते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील टचत्कार-ध्वनी (जीभ झटक्याने सोडवून काढलेले ‘टच्’सारखे ध्वनी) असलेल्या भाषांत हा मुद्दा फार मोठे रूप घेतो. टचत्कार आणि त्याच्या लगेच पुढे येणारा घर्षक (स सारखा, हवा घासत जाणारा) किंवा कंठद्वारीय (ह सारखा, घशात निर्माण होणारा) ध्वनी मिळून एक स्वनिम मानला, तर यादी शंभराच्या पुढे जाते. त्यांना संयुक्त व्यंजने मानले, तर तीच भाषा बरीच आटोपशीर दिसू लागते. मॅडिसन यांच्या १९८४ च्या सर्वेक्षणात लहानात लहान यादी ११ घटकांची आणि मोठ्यात मोठी १४१ घटकांची होती, आणि त्या वरच्या टोकाच्या संख्येत टचत्कारांसंबंधीच्या अशा निर्णयाचा वाटा मोठा होता. त्यातच काही स्रोत सुरांना (अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउतारांना) स्वनिमांच्या यादीत घेतात, तर ‘उप्सिड’मध्ये सूर नाहीत. दोन वेगवेगळ्या स्रोतांतल्या याद्यांचा केवळ आकार तोलून भाषांची क्रमवारी लावणे म्हणूनच निरर्थक आहे.

आता टक्केवारीकडे वळू. संकेतस्थळ प्रत्येक घटक किती याद्यांत आढळतो ते दाखवते. म सुमारे ९६ टक्के याद्यांत आहे, इ सुमारे ९२ टक्के आणि क सुमारे ९० टक्के. स दोन-तृतीयांश याद्यांत सापडतो. हे आकडे आकर्षक आहेत, परंतु ही टक्केवारी एकूण याद्यांपैकी काढलेली आहे, एकूण भाषांपैकी नाही. ज्या भाषेच्या अनेक याद्या आहेत ती अनेकदा मोजली जाते. शिवाय भाषाकुलांतून समतोल नमुना निवडण्याचा जो प्रयत्न ‘उप्सिड’ने केला होता, तो येथे नाही, जे वर्णन मिळाले ते घेतले आहे. ऑस्ट्रेलियातील बहुतेक मूळ भाषांत घर्षक व्यंजने नाहीत, त्यामुळे त्या भाषांची मोठी भर पडताच स सारख्या ध्वनीची टक्केवारी खाली येते, आणि त्यात मानवी भाषेविषयी नवे काही कळलेले नसते. सर्वांत बोलके उदाहरण त चे आहे. तो केवळ ६८ टक्के याद्यांत दिसतो, कारण दंत्य (जीभ दातांना टेकवून उच्चारलेला) त स्वतंत्र चिन्हाने लिहिला की तो वेगळा घटक म्हणून मोजला जातो. काही अभ्यासक दंत्य आणि दंतमूलीय (जीभ दातांमागच्या हिरडीला टेकवून उच्चारलेला) यांचा भेद काटेकोरपणे नोंदवतात, काही नोंदवत नाहीत; टक्केवारी अशा वेळी भाषांइतकीच लेखनसवयींचीही होते. क हा त पेक्षा अधिक सार्वत्रिक आहे, असा निष्कर्ष यावरून कोणी काढला तर दोष संग्रहाचा नाही, पण तक्त्याच्या माथ्यावर दोन ओळींची ठळक सूचना असती तर बरे झाले असते.

उतरवून घेता येणारी सामग्री मात्र संकेतस्थळापेक्षा कितीतरी समृद्ध आहे. तिच्यात प्रत्येक घटकाची एक ओळ असते आणि तिच्यासमोर ३७ भेदक लक्षणांची मूल्ये दिलेली असतात; घोष (स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारलेला) आहे की नाही, नासिक्य आहे की नाही, ओठ गोल होतात की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे अधिक, उणे आणि शून्य या चिन्हांनी. दंत्य त ची अडचण येथे बऱ्याच अंशी सोडवता येते, कारण चिन्ह शोधण्याऐवजी ‘जिव्हाग्राने उच्चारलेला अघोष स्पर्श’ असा लक्षणांचा समूह शोधला, की दोन्ही प्रकार एकत्र हाती लागतात. केवळ उसन्या शब्दांत येणारे किनारी घटक ओळखण्यासाठी वेगळा स्तंभ आहे. आपला ‘बँक’मधला ॲ आणि ‘डॉक्टर’मधला ऑ यांना कोणत्या स्थानावर बसवायचे हा वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या स्तंभाचे महत्त्व सांगायला नको. स्वनांतरांचाही स्तंभ आहे, पण अनेक स्रोतांच्या बाबतीत तो रिकामा आहे. ही उणीव मला गंभीर वाटते. कोणते उच्चार एका स्वनिमाखाली एकत्र केले आणि कोणत्या जागी कोणता येतो, हे न सांगता दिलेली यादी म्हणजे निकालाचे पत्र आहे, त्यामागचा युक्तिवाद नव्हे. विरोध सिद्ध करणाऱ्या शब्दजोड्याही येथे नाहीत, स्वनिम शब्दात कोणत्या क्रमाने येऊ शकतात याचे नियम नाहीत. त्यासाठी मूळ वर्णनाकडेच जावे लागते.

वापराच्या दृष्टीने पाने साधी आहेत. प्रत्येक घटकाचा नकाशा पाहता येतो आणि स्तंभांनुसार गाळणी लावता येते. नेहमीच्या कळफलकावर नसलेली ध्वनिचिन्हे शोधचौकटीत भरणे तेवढे कष्टाचे आहे. घोष कंठ्य स्पर्श ग याच्यासाठी युनिकोडमधील खास ध्वनिलिपीचे अक्षर वापरलेले आहे, आणि ते रोमन लिपीतील साध्या अक्षराहून डोळ्यांना वेगळे वाटत नाही. उतरवलेल्या सामग्रीत कळफलकावरचे अक्षर टाकून शोध घेतला, तर ग असलेली एकही यादी सापडत नाही. नवख्या अभ्यासकाने एवढी एक खूणगाठ आधीच बांधून ठेवावी.